दिवाळीच्या सुट्टीत मुलांचा मदतनिधी : पालकांचे नेहमीचे प्रश्न

सहामाही परीक्षा संपली की आमच्या सोसायटीतली पोरं एकीकडे किल्ल्याची माती कालवतात आणि दुसरीकडे पणत्या रंगवायला बसतात. विक्रीतून उरलेले पैसे एखाद्या संस्थेला जातात. हे ऐकून ओळखीपाळखीचे पालक फोन करतात, आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

मूल किती मोठं हवं?

पहिली-दुसरीतलं मूल रंगवायला, पिशव्या भरायला बसतं. त्याला त्याहून जास्त काम देऊ नका. सुटे पैसे न चुकता परत देता यायला लागले, म्हणजे साधारण चौथी-पाचवीपासून, ते विक्रीला बसू शकतं. आठवीच्या पुढची मुलं सगळं स्वतः चालवतात आणि त्यांना आपली लुडबुड नको असते. ती करूही नये. पैसे कोणाकडे ठेवायचे आणि कोणाला द्यायचे, एवढ्या दोनच गोष्टींत घरातलं मोठं माणूस हवं.

नुसता डबा घेऊन घरोघर गेलं तर? विकण्याची खटपट कशाला?

गणपतीची वर्गणी दिलेली असते, नवरात्राची दिलेली असते, दिवाळीत पोस्टमनपासून कचरा नेणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना पोस्त द्यायचं असतं. त्यात दारात शेजारचं मूल डबा घेऊन उभं राहिलं की माणूस भिडेखातर वीस रुपये टाकतो आणि दार लावतो. मुलाला वाटतं, मागितलं की मिळतं. माझं मत विचाराल तर मुलांनी मागू नये, कमवावं. पणती घेणारा पणती हवी म्हणून घेतो. नको असेल तर मोकळेपणाने नको म्हणतो. दोन्ही बाजूंना ते बरं पडतं.

शिवाय विक्रीबरोबर हिशेब येतो. या सगळ्या खटाटोपात मुलाला आयुष्यभर पुरेल असं काही मिळत असेल तर ती हिशेबाची वही. दोनशे पानी घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला आणि डावीकडे जमा, उजवीकडे खर्च असं मुलाच्याच अक्षरात लिहू द्या. 'ब्रश २ नग', 'रिक्षा', 'आईने डिंक फुकट दिला' हे सगळं त्यात यायला हवं. फुकट मिळालेलं लिहायला मुलं विसरतात, आणि मग आपण किती स्वस्तात केलं अशी उगाच फुशारकी मारतात.

मग विकायचं काय?

पणत्या सगळ्यांत सोप्या, पण त्यांचीही एक रीत आहे. कुंभारवाड्यातून किंवा बाजारातून साध्या मातीच्या पणत्या डझनावर आणा. आणल्या आणल्या रंगवायला घेऊ नका. आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला. कोरडी माती तेल पिते, आणि अशी पणती घरी नेलेल्या काकू दुसऱ्या दिवशी सांगायला येतात की तेल घातलं, वात लावली, तासाभरात सगळं गडप. भिजवून उन्हात खडखडीत वाळवायच्या, मग रंगवायच्या. रंग फक्त बाहेरून. आतून आणि वात टेकते त्या चोचीला रंग लावायचा नाही, कारण तिथे ज्योत असते. टिकल्या, आरसे, लेस चिकटवायची हौस असेल तर तीही चोचीपासून लांब. रंगवलेल्या पणत्या जुन्या वर्तमानपत्रावर पालथ्या ठेवून वाळवल्या की ओघळ येत नाहीत.

आकाशकंदील दिसतो देखणा, पण वेळखाऊ आहे. बांबूच्या कामट्या तासायचं काम मोठ्यांनी करायचं, पतंगी कागद आणि खळ मुलांकडे. एका दुपारी चार मुलं मिळून दोन कंदील करतील, तेही भांडणं झाली नाहीत तर. मोठ्या कंदिलांच्या वाटेला न जाता गॅलरीत माळेसारखे टांगता येतील असे छोटे कंदील करा. ते पटापट होतात आणि खपतातही लवकर.

याशिवाय हाताने केलेली शुभेच्छापत्रं, कागदी पिशव्या, किल्ल्यावर ठेवायचे मातीचे मावळे (आमच्याकडे यांना पहिल्याच दिवशी उठाव असतो), दाराची तोरणं. उटणं मात्र नको. ते लोकांच्या अंगाला लागतं, कोणाला पुरळ उठलं तर निस्तरणार कोण?

आणि ज्यात काहीच विकत आणावं लागत नाही असा एक प्रकार आहे, रद्दी. दिवाळीच्या आधी प्रत्येक घरात माळा आवरायला काढलेला असतो. वर्तमानपत्रं, जुन्या वह्या, पुठ्ठ्याचे खोके नेमके त्याच आठवड्यात बाहेर पडतात. मुलांनी आठवडाभर आधी सूचनाफलकावर चिठ्ठी लावायची, ठरल्या रविवारी हातगाडी घेऊन मजल्या-मजल्यावरून रद्दी उतरवायची आणि रद्दीवाल्याला खाली बोलवायचं. वजन करताना एका मुलाने काट्यासमोर उभं राहून आकडा वहीत उतरवावा. किलोचा भाव आदल्या दिवशीच दोन-तीन रद्दीवाल्यांकडे विचारून ठेवा. वर्तमानपत्र, वह्या आणि पुठ्ठा यांचे भाव वेगळे असतात. यात कोणाच्या खिशातून रुपया जात नाही, उलट लोक आभार मानतात.

फराळ विकला तर जास्त पैसे सुटतील ना?

सुटतील. पण चकली मुलं तळणार नाहीत, ती तुम्हीच तळणार. मग हा उपक्रम तुमचा झाला, आणि ऐन दिवाळीत. शिवाय विक्रीसाठी खाद्यपदार्थ करणाऱ्या छोट्या घरगुती व्यावसायिकालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. घरचा चिवडा घरच्यांनाच खाऊ घाला.

किंमत कशी लावायची?

उदाहरणाने सांगते. समजा ९ डझन पणत्या ४० रुपये डझनाने आणल्या, ३६० रुपये. रंग आणि ब्रश २५०, खोके १२०. एकूण खर्च ७३०. एकशे आठपैकी चार फुटल्या, राहिल्या १०४. चारचा एक खोका केला तर २६ खोके. एक खोका ६० रुपयांना गेला तर १५६० जमा, खर्च वजा जाता ८३० शिल्लक. मुलांना हे गणित आधी करायला लावा. चार पणत्या फुटल्याने किती फरक पडतो, हे कळल्यावर ती त्यांना हळू हात लावतात.

बाजारात तशाच पणत्या कितीला मिळतात ते मुलांबरोबर जाऊन बघून या आणि त्याच्या आसपास राहा. 'चांगल्या कामासाठी आहे' म्हणून दुप्पट किंमत लावणं म्हणजे पुन्हा वर्गणीच. आणि कोपऱ्यावर पणत्यांची पाटी घेऊन बसणाऱ्या आजींच्या भावापेक्षा खाली तर मुळीच जाऊ नका. त्यांचं घर त्यावर चालतं.

संस्थेला विक्रीची सगळी रक्कम द्यायची की खर्च काढून?

दोन्ही चालतं, पण विकण्याआधी ठरवा आणि खोक्यावर लिहा. 'खर्च वजा जाता उरलेली रक्कम अमुक संस्थेला' एवढी चिठ्ठी पुरते. सामानाचा खर्च आई-बाबांनी उचलला असेल तर 'सगळी रक्कम' लिहा. मुलांना त्यातून स्वतःसाठी काही ठेवायचं असेल, तरी हरकत नाही. सुट्टीभर राबल्यावर शेवटी पाणीपुरी खावीशी वाटणारच. फक्त ते चोरून नको, वहीत 'पाणीपुरी' अशी नोंद हवी, आणि चिठ्ठीवर सगळी रक्कम देऊ असं लिहिलं असेल तर ती पाणीपुरी तुमच्या खिशातून.

संस्था खरी आहे की नाही कसं ओळखायचं?

महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास असेल तर तो १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो. नसेल तर विचारा. नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावर अनेक संस्थांची माहिती मिळते. पण मला कागदांपेक्षा फोनवरचं बोलणं जास्त सांगून जातं. 'आमची मुलं थोडे पैसे देणार आहेत, तुम्हाला आत्ता कशाची गरज आहे?' असं विचारा. नीट चालणारी संस्था लगेच आणि नेमकं सांगते: अमुक औषध, वसतिगृहाचा किराणा, पावसाळ्यात गेलेले पत्रे. जिथून 'काहीही चालेल' एवढंच उत्तर येतं, तिथे मी आणखी दोन प्रश्न विचारते.

शक्यतो जवळची संस्था निवडा, म्हणजे मुलांना स्वतः जाऊन पैसे देता येतात. पूर, भूकंप असं मोठं संकट आलं असेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा राज्यभर शाळांमधून अशी मदत निघाली होती.

संस्था नको, आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीची फी भरायची आहे. चालेल?

मदत चांगलीच, पण तिचा बोभाटा नको. आधी मावशींना विचारा, आणि एकट्यात विचारा. पणत्यांच्या खोक्यावर त्यांच्या मुलीचं नाव छापून सोसायटीभर फिरवलं, तर उद्या ती मुलगी याच जिन्याने चढणार आहे, हे विसरू नका. 'एका विद्यार्थिनीच्या शिक्षणासाठी' एवढं लिहिणं पुरे. फी थेट शाळेत भरा आणि पावती मावशींच्या हातात द्या. खरं तर अशा वेळी मी मोठ्यांनाच सांगते, मुलांच्या पणत्या राहू द्या, तुम्ही चार घरं मिळून भरून टाका.

कोणाची परवानगी लागते का?

सोसायटीच्या आवारात टेबल मांडायचं तर सचिवांना दोन ओळींचं पत्र द्या, आणि ते मुलांनाच लिहू द्या. रस्त्यावर, पदपथावर मांडू नका. तो पालिकेचा विषय होतो आणि मुलं रहदारीत बसतात ते वेगळंच. लोकांकडून जाहीरपणे धर्मादाय वर्गणी गोळा करायची असेल तर वर सांगितलेल्याच कायद्याचं कलम ४१क येतं. गणेश मंडळं दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घेतात ती त्याच कलमाखाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांत पणत्या विकणं आणि गावभर पावतीपुस्तक फिरवणं यांत फरक आहे. यांतल्या दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जायचं असेल तर नोंदणीकृत संस्थेलाच पुढे होऊ द्या आणि त्यांच्या पावत्या वापरा. घरी छापलेलं पावतीपुस्तक नको.

हल्ली रोख कोणाकडे नसते. यूपीआयचं काय?

क्यूआर कोड आईचा किंवा बाबांचा लावा, आणि खाली स्पष्ट लिहा की पैसे कोणाच्या नावावर जातील. अनोळखी नाव दिसलं की लोक थबकतात, आणि थबकायलाच हवं. फोन मात्र मुलाच्या हातात देऊ नका. रक्कम आल्याची खात्री टेबलावर बसलेल्या मोठ्या माणसाने करायची. नुसता 'पैसे गेले' असा स्क्रीनशॉट धरायचा नाही. मुलांना एक गोष्ट घोटून घ्यायला लावा: पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन घालावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, तिकडे पिन टाका' असं म्हणणारा चोर असतो.

रोज संध्याकाळी खात्यात आलेली रक्कम आणि डब्यातली रोकड वहीत वेगवेगळ्या रकान्यांत उतरवा. ताळा जुळला नाही तर त्याच रात्री शोधा. दुसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही.

करसवलत मिळते का? ८०जी वगैरे?

इथे बराच घोळ असतो. एक, पणती विकत घेणाऱ्याला काही सवलत नाही. त्याने खरेदी केली आहे. दोन, संस्थेला दिलेल्या रकमेवर सवलत मिळायला संस्थेकडे तशी मान्यता हवी (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ८०जी ते हेच). २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी लोक अजून ८०जीच म्हणतात. तीन, २००० रुपयांवरची देणगी रोखीने दिली तर सवलत नाही. वस्तूंच्या रूपात दिली तरी नाही. चार, नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला ही वजावट मिळतच नाही.

आणि पाचवी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात शोधायची गरज नाही. पैसे मुलांनी सगळ्यांकडून मिळवलेले आहेत. पावती स्वतःच्या नावाने घेऊन वजावट मागू नका. पावतीवर मुलांच्या गटाचं नाव घालायला सांगा. ती फ्रेम करायची की वहीत चिकटवायची, ते मुलं ठरवतील.

रील केली, ऑनलाइन निधीचं पान काढलं तर जास्त जमेल?

जमेलही. पण मग मुलाचा चेहरा हीच विक्रीची वस्तू होते. मूल काय शिकतं? पणतीपेक्षा डोळ्यांतलं पाणी जास्त खपतं. मी हा प्रकार टाळते. पणत्यांचे फोटो टाका, वहीच्या पानाचा टाका.

संस्थेत जाऊन पैसे देतानाचा फोटो तरी?

संस्थेच्या कार्यालयात, तिथल्या कार्यकर्त्याबरोबर, त्यांनी हो म्हटलं तर. तिथे राहणाऱ्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत. बालगृहातल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मनाई आहे. कायदा नसता तरी विचार करा: आपल्या मुलाने मिठाईचा पुडा पुढे धरलाय, समोरच्याने तो घेतलाय, आणि तो क्षण दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर. समोरच्या मुलाला कोणी विचारलं होतं?

मिठाईवरून आठवलं. दिवाळीत अशा संस्थांत पुड्यांचा ढीग लागतो आणि पुढच्या महिन्यात डाळीची चणचण असते. मुलांना कार्तिक संपल्यावर पैसे घेऊन पाठवलं तर ते जास्त उपयोगी पडतात.

एका काकांनी 'हे काय भिकाऱ्याचे धंदे' म्हटलं. मुलगी रडत आली. काय सांगू?

रडून होऊ द्या. मग विचारा, उद्या त्या मजल्यावर जायचंय का. नाही म्हणाली तर नाही. तुम्ही काकांशी भांडायला जाऊ नका. ती उद्या परत टेबलावर बसली तर तेवढं उत्तर त्यांना पुरे. नकार कसा घ्यायचा, याची तालीम मात्र आधी घरी करून घ्या. 'नको' ऐकलं की 'बरं काका, दिवाळीच्या शुभेच्छा' म्हणून निघायचं, दारात घोटाळायचं नाही. आणि एकट्या मुलाला कधीच घरोघर पाठवायचं नाही. दोघं-तिघं आणि खाली कोणीतरी मोठं. कोणाच्या घरात शिरायचं नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं.

आजोबांनी एका पणतीचे पाचशे रुपये दिले. बाकीची मुलं रुसली.

हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं. पणतीचे पैसे विक्रीत, वरचे 'देणगी' म्हणून वेगळ्या रकान्यात. कोणी किती विकलं याची यादी लावूच नका. सगळी रक्कम गटाची. नाहीतर चौथ्या मजल्यावरचे बाबा ऑफिसात वीस खोके खपवून येतात आणि पाचवीतला मुलगा सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी बक्षीस जिंकून मोकळा होतो.

हे सगळं अमेरिकन फॅड आहे का?

अमेरिकेत ते आहे खरं. २००० साली ॲलेक्झांड्रा स्कॉट या चार वर्षांच्या मुलीने, स्वतः कर्करोगाशी झगडत असताना, लिंबू सरबताचं दुकान मांडून मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे उभे केले. आठव्या वर्षी ती गेली, पण तिच्या नावाची संस्था आजही काम करते. मात्र आपल्याकडे स्काउट-गाइडमध्ये 'खरी कमाई' फार आधीपासून आहे. घरोघर जाऊन सायकल पूस, बूट पॉलिश कर, बागेतलं गवत काढ आणि मिळेल तो मोबदला पथकात जमा कर. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांच्यापैकी कोणीतरी नक्की केली असेल. सैनिकांच्या कल्याणनिधीसाठी ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचे छोटे ध्वज शाळेतून घरी आणलेलेही पुष्कळ जण सापडतील. तो ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो.

आम्ही परदेशात राहतो. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी मेळ्यात मुलांनी जमवलेले पैसे गावाकडच्या संस्थेला पाठवता येतील?

थेट पाठवण्याआधी संस्थेला विचारा की त्यांच्याकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी आहे का. असेल तर परदेशातले पैसे त्यांना दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान धरत नाहीत. पण मेळ्यात जमलेले पैसे ही तुमची बचत नव्हे, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलेला माणूस कायद्याने परदेशी नागरिकच ठरतो. गावाकडची छोटी संस्था यात नाहक अडकू शकते. तिच्याकडे नोंदणी नसेल तर तुमच्याच शहरातलं एखादं काम निवडा.

पैसे दिल्यावर काय?

हिशेबाचं पान सूचनाफलकावर लावा, खर्चासकट आणि फुटलेल्या पणत्यांसकट. शेजारी संस्थेच्या पावतीची प्रत. मुलांच्या अक्षरातलं, खाडाखोड झालेलं पान लावा. टाइप करून सुंदर करू नका. ज्यांनी खरेदी केली त्यांनी ते वाचलेलं असतं, हे पुढच्या वर्षी कळतं.

माल उरला तर?

पणत्या भाऊबीजेनंतरही जातात. तुळशीच्या लग्नाला लागतात, त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दीपोत्सव असतो. तिथल्या पुजाऱ्यांना आधी विचारून ठेवा. कंदिलांना मात्र पाडव्यानंतर गिऱ्हाईक नाही. ते निम्म्या किमतीत पाडव्याच्या सकाळीच काढून टाका.